पांढऱ्या पट्टीच्या दहा पोफळी

१० मे १९६२, गुरुवार

केसरने ही वही हातात दिली आणि म्हणाली, आजी, रोज लिहीत जा. मी म्हटलं, बाय, मी तिसरी नापास. मास्तरांनी मला चौथीत घेतलं नाही आणि बापाने लग्नात घातलं, एकाच महिन्यात दोघांनी आपापली कामं उरकली. तरी ती ऐकेना. लिहायचं काय, तर पाऊस किती झाला आणि वाडीत कुठल्या पोफळीखाली किती सुपाऱ्या गळल्या. वही दोनशे पानांची आहे. सुपाऱ्यांना एवढी जागा कशाला? उरलेल्या पानांत मी माझं लिहीन.

केसर म्हणजे माझ्या शिवदासाची मोठी. वय बावीस. मुंबईच्या कॉलेजात एम.एस्सी. करते. श्रीवर्धनात एम.एस्सी. हा शब्द धड म्हणता येणारी चार माणसं असतील, त्यांत मी एक. शेजारची आवडाबाई अजून एमेशी म्हणते. तिच्या जावेला म्हैस घेतली असंच वाटलं होतं.

पोरगी तांब्यापासून औषध करते. पावसात पोफळींना बुरशी लागते, कोवळ्या सुपाऱ्या काळ्या पडून टपाटप गळतात. त्यावर आम्ही मोरचूद आणि चुना कालवून त्याचं पाणी मारतो. पण आमचा पाऊस तो, चार दिवसांत धुऊन नेतो. केसरचं औषध धुपत नाही म्हणे.

शिवदासाने मात्र अट घातली आहे. हे एकच वर्ष. दिवाळीपर्यंत प्रबंध लिहून झाला तर डिग्री घे, नाहीतर कॉलेज सोड. म्हसळ्याचं स्थळ थांबलं आहे. मुलाची भातगिरण आहे आणि मान नाही. मी फोटो बघितला, डोकं थेट खांद्यावरच ठेवलं आहे.

१४ मे

आज औषध कसं करतात ते केसरने सांगितलं. मला वाटलं होतं मोठं काही गूढ असेल. मोरचुदाच्या निळ्या पाण्यात दुसरं एक द्रव्य घालायचं, ते झाडापाल्यासारख्या मालाचं, त्यात धातू नाही. ढवळलं की खाली पिवळट हिरवा साका बसतो. गाळायचा, धुवायचा, वाळवायचा. मी म्हटलं, अगं, हे तर नाचणीचं सत्त्व झालं. त्याला एवढं कॉलेज कशाला?

मग म्हणाली, आजी, ते दुसरं द्रव्य म्हणजे खेकडा समज. त्याला दोन डेंगे असतात. दोन्ही डेंग्यांनी तो तांब्याचा कण धरून बसतो, पावसाला सोडत नाही. आणि बुरशीच्या पोटात गेला की मग सोडतो. हे मात्र मला एका झटक्यात पटलं. लहानपणी जीवना बंदरावर माझी करंगळी खेकड्याने धरली होती, ती सुटेस्तोवर माझ्या आईने तीन देव बदलले.

कॉलेजात काचेच्या ताटल्यांत हे लोक बुरशी पाळतात. तिला खायला घालतात, उबेला ठेवतात. आमच्या लोणच्याला एवढीशी आली तर सासूने माझं माहेर काढलं होतं, आणि ह्यांना त्याचा पगार मिळतो. पाळलेल्या बुरशीत औषधाचा ठिपका ठेवला की भोवती साफ गोल पडतो, बुरशी जवळ येत नाही. ताटलीत झालं, आता झाडावर करून दाखवायचं आहे.

मी म्हटलं, हा शोध मी पन्नास वर्षांपूर्वीच लावला आहे. नवी नवरी होते. कल्हई उडालेल्या पितळी पातेल्यात आमसुलाचं सार केलं आणि तसंच ठेवलं. दुपारपर्यंत कळकून हिरवंगार. सासरच्या अकरा माणसांनी जेवून एकामागोमाग परसाकडे धाव घेतली. आंबट आणि तांबं. फक्त खेकडा होता हे तेव्हा कोणी सांगितलं नाही. केसर हसून हसून पाटावरून पडली. म्हणाली, आजी, तू आमच्या सरांच्या पुढे आहेस.

२ जून

आज फवारणी. तीस पोफळी निवडल्या. माझ्या जुन्या लुगड्याच्या आणि ह्यांच्या धोतराच्या पट्ट्या फाडून खोडांना बांधल्या. दहांना लाल, त्यांना आमचं मोरचूद-चुन्याचं. दहांना निळी, त्यांना केसरचं खेकड्याचं. दहांना पांढरी, त्यांना काहीच नाही.

नामा पाडेली वर चढला. नामा म्हणजे आमच्या सगळ्या आळीच्या सुपाऱ्या पाडणारा, एका पोफळीवरून दुसरीवर झोके घेत जातो, जमिनीवर मात्र दोन्ही बाजूंच्या कुंपणांना धरून चालतो. पंप खाली शिवदास मारत होता. चेहरा असा, की जणू पोरीच्या लग्नातला बँड त्यालाच वाजवायला लावला आहे.

पांढऱ्यांना काही का नाही द्यायचं ते केसरने मला सांगितलं. पण तेव्हाच चुलीवरचं दूध वर आलं म्हणून मी आत पळाले. ताडून बघायचं वगैरे काही म्हणत होती. बाहेर आले तोवर सांगून झालं होतं. कळलं ना, म्हणाली. मी कळलं म्हटलं. माझा अंदाज असा, की औषध तीस झाडांना पुरत नसणार आणि पोरीला ते बापासमोर बोलायची लाज वाटत असणार.

दुसरी फवारणी चाळीस दिवसांनी. त्याची पूड बाटलीत घालून ठेवली आहे. केसर तेव्हा मुंबईला, म्हणून काम नामाचं आणि माझं.

५ जून

केसर गेली. एस.टी.च्या खिडकीतून हात हलवत होती. शिवदास म्हणाला, पुढच्या वर्षी ह्याच दिवसांत सासरी असेल. मी त्याच्याकडे बघितलं नाही.

घरी आल्यावर वाडीत गेले. त्या पांढऱ्या पट्टीच्या दहा पोफळी बघवेनात. लालवाल्या जेवल्या, निळ्यावाल्या जेवल्या, ह्या मधल्या रांगेत पान मांडून बसल्या आहेत आणि वाढपी पुढून निघून गेला. मी आयुष्यभर पंगतीत वाढलं आहे. भावकीत भांडण असलं तरी ज्याच्याशी अबोला त्यालाही वांग्याची फोड मोजून तेवढीच टाकली आहे. आता म्हातारपणी माझ्या वाडीत पंक्तिप्रपंच?

बादलीत निळ्यांचं औषध थोडं उरलं होतं. नामाला हाक मारली.

तो म्हणाला, "काकी, बायने न्हाय म्हटलंय ना ह्यांला?"

"तिने लाजेने म्हटलं. तू चढ."

पाणी घालून दहांना पुरवलं. नामा उतरला तेव्हा त्याचेही डोळे निवळले होते. म्हणाला, आता बरं वाटतं.

१२ जुलै

पाऊस पन्नास वर्षांत नाही असा. दर वर्षी मला तसंच वाटतं.

दुसरी फवारणी झाली. पूड दहा झाडांची आणि तोंडं वीस. पाहुणे वाढले की आपण आमटीत दोन तांबे पाणी घालतो, तसं घातलं. निळ्यांना थोडं कमी, पांढऱ्यांना तेवढंच. नामाला म्हटलं, कोणाला सांगू नकोस, पोरीला कमीपणा येईल. तो म्हणाला, मला कोन इचारतंय.

पांढऱ्या पट्टीखाली आज एक सुपारी. लाल दोन. निळी एक. वाडी कशी हसते आहे. आवडाबाईच्या वाडीत सडा पडला आहे. ती कुंपणावरून म्हणाली, कृष्णाबाय, काय मंतर टाकलाव? मी म्हटलं, एमेशी.

४ ऑगस्ट

केसरचं पत्र. मी दर आठवड्याला आकडे पाठवते, तर विचारते, पांढऱ्या पट्टीच्या झाडांखाली तू नीट बघतेस ना? तिथे जास्त असायला हव्यात. पालापाचोळ्याखाली बघ.

मला थोडा राग आला. मी तिसरी नापास झाले ती गणितात नाही, कवितेत. उत्तरात लिहिलं, की मी दर सकाळी कमरेत वाकून स्वतः मोजते, आणि पांढऱ्याखाली जास्त का असाव्यात? तुझ्या आजीच्या हाताखालची झाडं आहेत ती.

आवडाबाईला वाटतं मी देवऋषी गाठला. तिच्या दोन नवसांच्या पोफळीसुद्धा रिकाम्या झाल्या.

१६ सप्टेंबर, रविवार

आज केसरचे सर आले. तिला घेऊनच आले, प्रयोग बघायला. म्हसळ्याच्या घाटात त्यांना तीनदा गाडी थांबवावी लागली. पांढरी विजार, पांढरे बूट. वाडीत शिरताच पाण्याच्या पाटात पाय गेला आणि बुटांचा रंग ठरला.

जेवताना सोलकढी पुढे केली तर वाटी उजेडाकडे धरून विचारतात, ह्यात रंग कसला घातलाय? जन्मभर तांब्याचे रंग करणारा माणूस आमसुलाला भ्यायला.

जेवल्यावर ओटीवर बसून माझे आकडे बेरजेला घेतले. साडेतीन महिन्यांत लाल एकतीस, निळ्या अठ्ठावीस, पांढऱ्या तीस. सरांनी चष्मा काढला. म्हणाले, औषध दिलं काय आणि न दिलं काय, सारखंच. केसर, तुझं औषध म्हणजे नुसतं पाणी निघालं. ह्यावर प्रबंध होत नाही.

केसर भिंतीला टेकली. तिचा असा चेहरा मी तिच्या टायफॉइडात बघितला होता. शिवदास खाकरला. त्याच्या खाकरण्यात म्हसळं होतं.

मला काही उमजेना. सुपारी फारशी गळली नाही म्हणून मी पेढे द्यायच्या बेतात, आणि इथे सुतक. मग सर बोलले, की बिनऔषधाची झाडं जर एवढी चांगली राहिली तर औषधाचा उपयोग तो काय.

"त्यांनाही दिलंय," मी म्हटलं.

केसरने हळूच विचारलं, "कोणाला, आजी?"

"पांढऱ्यांना. दोन्ही वेळा. नामाला चढवलं. तुझंच औषध, पाणी घालून. निळ्यांचं जरा कमी केलं, सगळ्यांना पुरावं म्हणून."

केसर पायरीवर बसली, आधी हसली आणि मग तिला रडू आलं. म्हणाली, "आजी, दहा झाडं उपाशी ठेवायची, एवढंच काम होतं गं तुझ्याकडे."

मग तिने पुन्हा समजावलं. ह्या वेळी चुलीवर दूध नव्हतं. जेवणारा धडधाकट राहिला तो जेवणामुळे की मुळातच, हे कळायला शेजारी कोणी तरी उपाशी हवा. एवढं सोपं. पोरगी म्हणते मी तेव्हाही हेच सांगितलं होतं.

सरांचा चेहरा मात्र एकदम उजळला. म्हणाले, मग प्रश्नच मिटला, औषध चांगलंच आहे. तिसऱ्या रकान्यातला आकडा बदल. मला पुढच्या महिन्यात परिषदेत वाचायचं आहे. दर वर्षी गळतात तेवढ्या टाक.

"दर वर्षी कोणी मोजल्या नाहीत, सर."

"अंदाजाने टाक. चारशे, साडेचारशे. थोडा सुटा आकडा ठेव, चारशे सदतीस. खरा वाटतो."

शिवदासाने मान डोलावली. म्हणाला, सर स्वतः सांगताहेत तर लिहून मोकळी हो, दिवाळीला डिग्री, मार्गशीर्षात लग्न. केसर नाही म्हणाली. म्हणाली, बघितलं नाही ते मी लिहिणार नाही. बाप म्हणाला, मग डिग्री राहील, लग्न राहणार नाही.

मी मोठ्या माणसांत बोलत नाही असं नाही, पण पाहुण्यांना बोलत नाही. आज बोलले. "साहेब, मी आमटीत पाणी घातलं. पण माझी आमटी चुलीवर होती. तुम्ही तर चूल न पेटवताच वाढायला निघालात."

सर म्हणाले, आजीबाई, हे शास्त्र आहे. मग त्यांनी सुपारी मागितली. मी डबा त्यांच्याकडे सरकवला आणि आत गेले.

१७ सप्टेंबर

सर सकाळच्या गाडीने गेले. केसर अजून दोन दिवस आहे. मला एक शब्द बोलली नाही. उलट माझे पाय चेपले. त्यापेक्षा शिव्या दिल्या असत्या तर बरं होतं.

शिवदास म्हसळ्याला होकाराचं पत्र लिहायला बसला. मी म्हटलं, चूक माझी, तर शिक्षा तिला का? मला म्हसळ्याला पाठव, त्या मान नसलेल्याशी लावून दे. तो म्हणाला, आई, चेष्टा पुरे, एक वर्ष म्हटलं होतं, एक वर्ष झालं.

झालं नाही. मी खाऊन टाकलं ते.

२९ सप्टेंबर

आज बारावा दिवस. अडकित्ता मी माझ्या ट्रंकेत ठेवला आहे, किल्ली कमरेला. शिवदासाला जेवल्यावर माझ्या हातची कातरलेली सुपारी लागते, केसासारखी पातळ, लहानपणापासूनची सवय. सुनेने विळीवर फोडून दिली, ती त्याने चघळली आणि दाढेचा टवका उडाला. म्हसळ्याचं पत्र अजून कोनाड्यात आहे, तिकीट लावलेलं.

आज जेवून उठला आणि माझ्यासमोर येऊन बसला.

"आणखी एक पावसाळा. त्यापुढे ब्रह्मदेव आला तरी नाही."

"म्हसळ्याला काय लिहिशील?"

"थांबा म्हणून लिहितो."

"आणि नाही थांबले तर?"

तो दाढ चाचपत राहिला. मी ट्रंक उघडली.

(म्हसळेकर दिवाळीपर्यंत थांबले आणि मग महाडची मुलगी केली. केसरला कळवलं तर तिचं चार ओळींचं उत्तर आलं, त्यांतल्या तीन औषधाबद्दल. सरांनी तिला पुन्हा प्रयोग करायची परवानगी दिली, कारण दुसऱ्या एका विद्यार्थ्याचा आकडा त्यांना पटकन मिळाला.)

३ जून १९६३

पुन्हा पट्ट्या बांधल्या. ह्या वेळी केसरने आकड्यांच्या चिठ्ठ्या काढून झाडं निवडली. पांढऱ्यांत नेमकी विहिरीजवळची आली, मी सून असताना हंड्याने पाणी घालून वाढवलेली. केसर म्हणाली, आजी, ती बदलू का? मी म्हटलं, हात लावू नकोस. चिठ्ठी आली ती आली.

जाताना तिने पूड बाटलीत मोजून दिली आणि मला काहीच बजावलं नाही. ते फार लागलं.

१५ जुलै

दुसरी फवारणी. नामा निळ्या आणि लाल उरकून खाली आला, बादली हलवून बघितली आणि माझ्याकडे बघितलं.

"काकी, तळाला वाईच हाय."

"ओत."

"कुठं?"

"उकिरड्यावर. माझ्यासमोर."

ओतलं. दोघेही बराच वेळ त्या हिरव्या ओघळाकडे बघत उभे होतो, जणू अन्न टाकलं.

आज पांढऱ्याखाली चौदा. निळ्याखाली एक.

२८ जुलै

पांढऱ्या तेहेतीस, लाल आठ, निळ्या दोन. पहाटे अंथरुणात असताना टप्प आवाज येतो आणि मला कळतं, विहिरीजवळची. पूर्वी हा आवाज ऐकला की काळीज हलायचं. आता मनात म्हणते, पड बाय, आणखी पड. असली प्रार्थना कुठल्या देवाला करतात ते माहीत नाही, म्हणून नाव घेत नाही.

आवडाबाईने मला कुजक्या सुपाऱ्या ओच्यात घेऊन हसताना बघितलं. सगळ्या आळीत सांगितलं, की कृष्णाबायचं डोकं फिरलं, नासाडी बघून खूश होते. मी तिला तिसरा रकाना समजावला. ऐकून म्हणाली, "मंजे धा पोरांना जेवू घालायचं न्हाय आनि मेली की टाळ्या वाजवायच्या. हेच शिकवतात व्हय मुंबईला?"

मी म्हटलं, पुढच्या वर्षी तुझ्या वाडीला हेच औषध मिळेल, तेव्हा तोंड वाकडं कर. ती म्हणाली, मिळंल तवा.

९ ऑगस्ट

सकाळपासून वाऱ्यासकट पाऊस. मी इरलं घेऊन निघाले तर शिवदास आधीच वाडीत होता. गेले आठ दिवस बघते आहे, तो दात घासायला म्हणून जातो आणि पोफळीखाली वाकतो. मला काही विचारत नाही. काल सुनेला म्हणाला, निळ्याखाली आज काहीच नाही, आणि आवाज असा काढला की औषध त्यानेच केलं आहे.

मी मोजून ओटीवर आले, पांढऱ्या अडतीस, वही उघडली. तेवढ्यात तो भिजत आला, मुठीत तीन काळ्या सुपाऱ्या. माझ्या पुढ्यात ठेवल्या.

"ह्या तुझ्या राहिल्या. पाण्याच्या पाटाच्या कडेला होत्या. एक्केचाळीस लिही."

"कुठल्या झाडाच्या?"

"पांढऱ्याच असणार. एवढ्या दुसरीकडे कुठे गळतात?"

"असणार नको. बघितलंस पडताना?"

"आई, तीन सुपाऱ्या गं. तिच्या फायद्याच्याच आहेत."

"पाटाच्या कडेला लालही आहे, पांढरीही आहे. झाड सांगता येतं का?"

तो कपाळावरचं पाणी पुसत विचार करू लागला. मग नाही म्हणाला.

"मग फेक."

त्याने एकदा माझ्याकडे बघितलं, मग तिन्ही उचलल्या आणि पावसात भिरकावून दिल्या. मी लिहिलं, पांढऱ्या अडतीस.